बैल सुटतो, माणूस बांधलेलाच

मागच्या एका २५ डिसेंबरची गोष्ट. इंदोऱ्यात आमच्या वस्तीतल्या पोरांनी मनुस्मृती जाळली. दरसाल जाळतो तशीच. घोषणा झाल्या, भाषणं झाली. नाताळ होता, म्हणून मेकोसाबागेकडून चर्चच्या घंटा ऐकू येत होत्या. कार्यक्रम आटोपल्यावर टपरीवर चहा घेताना त्या घंटांवरूनच विषय निघाला. एक पोरगा, चांगला वाचणारा, मोर्चात पुढे असणारा, तो बोलला,

"हे किरिस्ताव आता आपल्या ताटात हात घालून राह्यले. म्हणे आम्हालेबी एस. सी. मध्ये घ्या. कायले? चर्चचा पैसा पुरत नाही का?"

दुसरा म्हणाला, "१३ टक्क्यांत आपलेच पोट्टे बेकार फिरून राह्यले. त्याच्यात अजून कोणाकोणाले बसवाचं?"

तिसरा म्हणाला, "ज्याहीनं जात सोडली त्याहीनं जातीचा दाखला मांगाचाच नाही. लाज पाह्यजे."

सगळे हसले. मीही हसलो, हे आधी कबूल करतो. पण रात्री झोप येईना. राख अजून गार झाली नव्हती आणि जळालेल्या पुस्तकाची भाषा आमच्याच तोंडात होती. याला आत घेऊ नका. हा आपला नाही. हा विटाळेल. आपण फक्त 'विटाळेल'च्या जागी 'वाटा खाईल' म्हणत होतो.

मेकोसाबागेत माझ्या आजीच्या बहिणीचा नातू राहतो. आजी १९५६ साली दीक्षाभूमीवर गेली. बहीण त्याच्या आधीच सासरच्यांबरोबर चर्चमध्ये गेली होती. दोघींचा बाप एक. दोघींची जात एक. लहानपणी दोघींनी एकाच विहिरीपासून लांब उभं राहून वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलं. आज माझ्या खिशात जातीचा दाखला आहे. तो पोरगा सफाईच्या ठेक्यावर झाडू मारतो. एका कार्यालयात बाबूने त्याला मोठ्या प्रेमाने सल्ला दिला, "अरे, अर्जावर हिंदू लिहून टाक ना, काम होऊन जाते." त्याने नाही लिहिलं. कागद तसाच घेऊन परत आला.

दोस्तांनो, बाबू त्याला कायदा मोड म्हणत नव्हता. कायदाच त्याला म्हणत होता, खोटं बोल.

म्हणून मला वाटलं, ज्याच्या नावाने त्या घंटा वाजत होत्या त्याचं कायद्याबद्दल काय म्हणणं होतं ते एकदा बघावं. गैरसमज नको. मी धम्म सोडून कुठं चाललो नाही. २२ प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे. येशूला देवाचा पुत्र मानणं माझ्याच्याने होणार नाही. बाबासाहेबांनीच दाखवून दिलं की बुद्धाने स्वतःसाठी अशी जागा कधी मागितली नाही, तो फक्त वाट दाखवणारा. पण तेच बाबासाहेब १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे बोलले, की धर्मांचा अभ्यास करताना दोन माणसांनी माझं मन ओढून घेतलं, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त. तेव्हा देव म्हणून नाही, साक्षीदार म्हणून येशूला पिंजऱ्यात उभा करायला कोणाची हरकत नसावी.

साक्ष अशी आहे. शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी काम बंद, असा मोशेच्या नियमशास्त्राचा हुकूम. येशूची माणसं शेतातून चालली होती. भूक लागली, कणसं तोडून खाल्ली. आपण हुरड्याच्या दिवसांत बांधावरून जाताना खातो तशी. परूशी म्हणजे नियमशास्त्राचे कट्टर पाळणारे, त्यांनी लगेच धरलं. हे कापणीचं काम झालं, नियम मोडला. येशूने दिलेल्या उत्तराचा मतलब एवढाच होता की हा दिवस माणसाच्या विसाव्यासाठी केला, माणूस काही दिवसाच्या सेवेसाठी जन्माला आला नाही. भूक आधी, पोथी मागून.

दुसरी गोष्ट याच्याहून मोठी आहे आणि आपली आहे. लूकच्या पुस्तकात आहे. प्रार्थनामंदिरात एक बाई होती. १८ वर्षं पाठीतून वाकलेली, सरळ उभं राहता येत नव्हतं. शब्बाथाच्याच दिवशी येशूने तिला बरं केलं. मंदिराचा अधिकारी चिडला. तो बाईला काही वाईट बोलला नाही. लोकांना म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी या ना. बघा किती सभ्य माणूस. नियमाच्या बाहेर एक शब्द नाही. येशूने त्याला विचारलं, तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथाच्या दिवशी आपला बैल, आपलं गाढव दावणीचं सोडून पाण्यावर नेतो की नाही? मग ही बाई १८ वर्षं बांधलेली आहे, हिला आज सोडायचं नाही?

आता सांगा, ही गोष्ट कुठली? गालीलमधली की महाडची?

चवदार तळ्यावर ढोरं पाणी पीत होती. आपण पिऊ शकत नव्हतो. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे. महाडच्या नगरपालिकेनेही तळं मोकळं केल्याचा ठराव केला होता. कागदावर सगळं ठीक. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ भरून पाणी प्यायले आणि गावाच्या काठ्या निघाल्या. नंतर तळ्याची शुद्धी केली, पंचगव्य ओतून. म्हणजे गायीचं शेणमूत चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही. बैल सुटतो, माणूस बांधलेलाच राहतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो मंदिराचा अधिकारी आणि महाडचा शुद्धी करणारा भटजी, एकाच शाळेचे विद्यार्थी.

इथे कोणी यहुद्यांना शिव्या द्यायला लागू नका. येशू यहुदीच होता. ते भांडण घरातलं होतं. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवा, असं यहुदी पंडितही सांगत आले. मुद्दा जातीचा किंवा धर्माचा नाही. मुद्दा कायद्याच्या राखणदाराचा आहे. राखणदार कुठल्याही घरात जन्मतो. आपल्याही.

पुढची साक्ष. परूशी मोठे काटेकोर. परसातल्या पुदिन्याचा, शेपूचा, जिऱ्याचासुद्धा दहावा हिस्सा देवाला मोजून द्यायचे. येशूने त्यांना झापलं. भाजीपाला मोजता, आणि न्याय, दया, इमान हे जे कायद्यातलं वजनदार ते सोडून देता? पण तो असंही म्हणाला की मी नियमशास्त्र मोडायला आलो नाही, ते पुरं करायला आलो. काही जणांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. कायदा पुरा करणं म्हणजे तो ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत नेऊन पोचवणं. नुसता पाळणं म्हणजे शेपूच्या काड्या मोजत बसणं.

बाबासाहेबांनी महाडला हेच केलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला परिषद भरली. मांडवाला जागा द्यायला सवर्ण तयार नव्हते, फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसाने आपली जागा दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला सहस्रबुद्धे यांनी, जातीने ब्राह्मण. पुस्तक जाळलं. पण तळ्यावर जायला कोर्टाची तात्पुरती मनाई होती. हजारो माणसं सत्याग्रहाला तयार बसलेली. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. मनाई पाळली आणि खटला लढले. हायकोर्टातून निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. एकाच परिषदेत एक कायदा जाळला आणि दुसरा पाळला. का? एक माणसाला बांधण्यासाठीच लिहिला होता. दुसऱ्याच्या हातून माणूस सुटण्याची आशा होती. कायद्याला लावायची कसोटी हीच. हा कोणाला सोडतो, कोणाला बांधतो?

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी ही कसोटी मांडून ठेवली आहे. नियम आणि तत्त्व यांत फरक आहे. नियम सांगतो, हे कर, ते करू नको. डोकं चालवायची गरज नाही. तत्त्व माणसाच्या हातात माप देतं आणि म्हणतं, तू मोजून बघ, जबाबदारी तुझी. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो नुसता नियमांचा गठ्ठा आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतः लिहिलेल्या घटनेचीही त्यांनी पूजा केली नाही. १९५३ साली राज्यसभेत संतापून बोलले, की ही घटना जाळायला मी पहिला पुढं होईन. आपण मात्र उद्देशिका फ्रेम करून भिंतीला लावली, हार घातला, आणि घटनेच्या नावाने चालणारे हुकूम वाचायचं सोडून दिलं.

तर एक हुकूम वाचू.

१० ऑगस्ट १९५०. घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली राष्ट्रपतींच्या सहीने अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदूशिवाय दुसरा धर्म सांगणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख घातले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण नागपुरात लाखोंनी बुद्धाला शरण गेलो आणि या तिसऱ्या परिच्छेदाच्या बाहेर पडलो. पाटील तोच, विहीर तीच, शिवी तीच. फक्त दाखला गेला.

कोणी म्हणेल, १९५० ला कायदामंत्री तर बाबासाहेबच होते. होते. म्हणजे हा परिच्छेद त्यांना चांगला ठाऊक होता. तरी सहा वर्षांनी ते आपल्याला हात धरून त्याच्या बाहेर घेऊन गेले. याचा अर्थ लावा. माणसाचा धर्म दाखल्याला बांधून ठेवायचा नसतो, हा तो अर्थ.

आणि नागपूरकरांनो, आपल्या गावचा खटला आपणच विसरलो. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत मेश्राम नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आले. हरकत आली की हा माणूस बौद्ध झाला आहे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथं ठरलं, बौद्ध झाल्याचं त्याने उघड जाहीर केलं आहे, म्हणून तो अनुसूचित जातीचा उरला नाही. निवडणूक गेली. त्यांचा गुन्हा काय? खरं बोलले, तेही चारचौघांत. पोटात बुद्ध ठेवून तोंडाने हिंदू म्हणाले असते तर खुर्ची राहिली असती.

आपल्या बापांनी दुसरं काय केलं? आठवा. घरात तथागताची तसबीर आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. महाराष्ट्र झाल्यावर राज्याने आपल्या हातातल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राची नोकरी आणि राखीव मतदारसंघ बंदच. पोराच्या पोटासाठी बापाने खोटं लिहिलं आणि जन्मभर मान खाली घातली. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा सत्याग्रह झाला, लाखोंनी तुरुंग भरले. जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतींची मागणीही त्यात होती. तरी १९९० उजाडावं लागलं. तेव्हा व्ही. पी. सिंगांच्या सरकारने दुरुस्ती केली, आणि कारण काय दिलं? की धर्म बदलला म्हणून या लोकांची सामाजिक आर्थिक हालत बदललेली नाही. ३४ वर्षांनी सरकारला जे दिसलं ते आपल्या आयांना पहिल्याच दिवशी विहिरीवर दिसलं होतं.

आता तेच वाक्य ख्रिस्ती दलिताला लावून बघा. मुसलमान दलितालाही लावा, तोही त्याच परिच्छेदाने बाहेर ठेवलेला आहे. लावताना आपली जीभ का अडखळते?

मद्रासचा सूसई चांभार. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. शेजारी बसणाऱ्या हिंदू चांभाराला मिळाली, सूसईला नाही. तो ख्रिस्ती. आरी तीच, चामडं तेच, फुटपाथ तोच. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली निकाल लागला. धर्म बदलल्यावरही जात राहते एवढं दाखवून भागणार नाही, नव्या धर्मातही तेवढाच जाच होतो याचा पुरावा आण. चांभाराने अभ्यास समिती नेमून अहवाल आणायचा होता काय? आपल्याकडून १९९० साली असा अहवाल कोणी मागितला असता तर आपण कुठून आणला असता?

शेपू मोजणं म्हणतात ते हेच. जखम किती खोल आहे ते बघायचं नाही. जखमी माणूस रविवारी कुठे जातो ते आधी विचारायचं.

२०२५ साली तर आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटीचा खटलाच रद्द केला, कारण तक्रार करणारा दलित पास्टर झालेला. शिवी जातीवरून दिल्याची तक्रार आहे, आणि कोर्ट शिवी खाणाऱ्याचा धर्म तपासतं. शिवी देणाऱ्याने तरी दाखला पाहून शिवी दिली असेल काय?

आता टपरीवरच्या तिघांना उत्तर द्यायचं आहे. खोटं समाधान देत नाही.

जात सोडली तर दाखला का मागतो? बाबा रे, बुद्धाने जात मानली होती काय? शिखांच्या गुरूंनी मानली होती काय? तरी शीख आले, आपण आलो. दाखला जात पाळतो म्हणून मिळत नाही. दुसरे आपल्यावर जात पाळतात म्हणून मिळतो. जात प्रार्थनेत नसते, शेजाऱ्याच्या डोळ्यात असते.

आमिषाला भुलून गेले म्हणता? १९५० पासून ख्रिस्ती होणाऱ्या दलिताची सवलत जाते. ताटातलं अन्न घालवायला लावणारं आमिष जगात कुठं पाहिलं?

चर्चकडे पैसा आहे. आहे ना. शाळा आहेत, जमिनी आहेत. पण त्यातलं झाडूवाल्याच्या पोराला किती मिळालं हे त्या पोरालाच विचारा. इथं मी चर्चलाही सोडणार नाही. सोलापूरला बाबासाहेबांनी नुसतं कौतुक नव्हतं केलं. दक्षिणेत देवळातल्यासारखी जात चर्चमध्ये पाळता आणि अस्पृश्यांच्या हक्कासाठी राजकारणात कधी उतरत नाही, असं तोंडावर सुनावलं होतं. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही दलित ख्रिस्त्यांना वेगळी बाजू दिली गेली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली स्वतःच लिहून दिलं की चर्चमध्ये जातिभेद आहे, आणि १ कोटी ९० लाख कॅथलिकांत १ कोटी २० लाख दलित आहेत. ज्याने वाकलेल्या बाईसाठी कायदा वाकवला त्याच्या घरात ही तऱ्हा! बिशपसाहेब, परूशी पुस्तकात शोधू नका, कमिटीत बसले आहेत. पण बिशपच्या पापाची शिक्षा सूसईला का?

राहिला टक्क्यांचा सवाल. हा खरा आहे, पोटाचा आहे. १३ टक्क्यांत, केंद्राच्या १५ टक्क्यांत अजून माणसं कोंबली तर आपसात डोकी फुटतील. म्हणून मागणी करताना जागा वाढवून मागायच्या. माणसं येतील त्यांच्या संख्येइतका वाटा बरोबर आला पाहिजे. ५० टक्क्यांची भिंत आहे म्हणतात. ती भिंत २०१९ च्या जानेवारीत कुठं गेली होती? ८ तारखेला लोकसभा, ९ तारखेला राज्यसभा, दोन दिवसांत सवर्ण गरिबांना १० टक्के. ना आयोगाने २० वर्षं घेतली, ना कोणी जाचाचा पुरावा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. आणि धर्माची अट काढा, असं रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ सालीच सांगितलं होतं. तो अहवाल बाजूला पडला आणि २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. ज्यांना द्यायचं असतं त्यांना दोन दिवस पुरतात. ज्यांना द्यायचं नसतं ते आयोगावर आयोग नेमतात. आणि त्या काळात दारावर राखण करायला कोण उभं? आपण. मालकाचा वाडा, राखणदार आपला. येसकरकी अजून गेली नाही का रे अंगातून?

मी त्या टपरीवरच्या पोरांना शत्रू समजत नाही. ते माझे भाऊ आहेत आणि मी त्यांच्याबरोबर हसलो आहे. एवढंच म्हणतो, पुढच्या २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळायच्या आधी १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद माईकवर मोठ्याने वाचा. जाळू नका, वाचा. बाबासाहेबांनी जाळायचं कोणतं आणि लढून बदलायचं कोणतं ते शिकवलं आहे. मग मेश्रामांचं नाव घ्या. मग सूसईचं. आणि घंटा वाजतात त्या बाजूच्या गल्लीत दोन पोरं पाठवा, निरोप द्या की आज तुमच्याकडे नाताळ आणि आमच्याकडे दहन, पण तळं एकच आहे, या.

आजीच्या बहिणीचा नातू पहाटे पाचला झाडू घेऊन निघतो. त्याच्या अर्जावर अजून 'ख्रिस्ती'च लिहिलेलं आहे. त्याने खोटं लिहावं असं मला वाटत नाही. आपल्या बापांना लिहावं लागलं तेवढं पुरे.

जयभीम.